गोणपाटाचा नियम

शाळेच्या नियमांवर लिहितो आहे म्हटल्यावर आपलेच काही मित्र हसले. म्हणाले, अरे बापा, हा का विषय झाला? जमिनीवर लिही, अत्याचारावर लिही, आरक्षणावर लिही. 'वेळेवर यावे, गणवेश घालावा, रांगेत उभे राहावे' हे तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेलंच असतं. त्यात इतिहास कुठला?

दोस्तहो, भिंतीवर जे रंगवलेलं असतं त्याचाच इतिहास आधी काढावा लागतो. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलं ते नुसतं दार बंद करून नाही. दार उघडलं तेव्हाही नियम पुढे केले गेले. कुठं बसावं, कशाला शिवू नये, पाणी कोणाच्या हातून प्यावं, कोणता विषय शिकू नये. वागणुकीचे नियम म्हणतात ते हेच. पोरगं शाळेत आलं तरी त्याची जात दाराबाहेर राहू नये, याची तजवीज त्या नियमांत होती.

मी चांद्याकडचा. एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराकडे माझं जाणंयेणं असतं. तिथल्या माडिया पोरांची शाळा पाहिली की मला आपल्या आज्या-पणज्यांची शाळा आठवते. म्हणून इथं आधी आपला इतिहास मांडतो, मग तिथला. दोन्ही एकापाठोपाठ वाचा. आज आपल्यातले कितीतरी जण शिक्षक झाले आहेत आणि खडू आता आपल्याही हातात आहे. तेव्हा हा हिशेब आपल्याला चुकवता येणार नाही.

सुरुवात पुण्यापासून करू. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. त्या काळी चांगल्या विद्यार्थ्याचं लक्षण काय? खाली मान घालून पाठांतर करणारा. ही पोरगी तर धर्मालाच जाब विचारते आणि तिचे शिक्षक तिला थांबवत नाहीत. प्रश्न विचारणं ही त्या शाळेत बेशिस्त नव्हती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं उलटं आहे.

मुक्ताच्या निबंधाला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. जून १८५६. मुंबई इलाख्यातलं धारवाड. एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत नाव घालण्यासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत पोचलं. सरकारने तोंडाने न्याय त्या मुलाच्या बाजूने आहे असं कबूल केलं, पण प्रवेश काही दिला नाही. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडायची का, असा तो हिशेब. म्हणजे मुलगा लायक, मागणी रास्त, शाळा सरकारी, पण वर्गातली बाकीची पोरं उठून जातील म्हणून हाच मुलगा बाहेर. शिस्त बिघडवणारे ते आणि शिक्षा याला! १९२८ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे शिक्षणाविषयी जे निवेदन ठेवलं, त्यात हे धारवाडचं प्रकरण काढून दाखवलं आहे. बहात्तर वर्षांनी त्या अनाम मुलाचा अर्ज बाबासाहेबांनी पुन्हा दाखल केला असंच मी म्हणेन.

पुढं दोन वर्षांत, १८५८ साली, निव्वळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या आहेत असं तत्त्व जाहीर झालं. त्याच १८५८ सालच्या ऑक्टोबरात, २१ तारखेला, इकडं चांद्याला वीर बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी फाशी दिली. एकीकडं शाळा सगळ्यांची म्हणणारं सरकार आणि दुसरीकडं जंगल आमचं म्हणणाऱ्याला लटकवणारं सरकार, ते एकच होतं. कागदावरचं तत्त्व आणि जमिनीवरचा व्यवहार यांच्यात केवढी दरी असते, हे त्या एका सालातच दिसतं. १८८२ साली हंटर कमिशन आलं. कमिशनने पुन्हा तेच सांगितलं की केवळ जातीवरून कोणाला सरकारी शाळेत नाकारू नये. आणि जिथं विरोध असेल तिथं अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात अशी पळवाटही ठेवली.

आता साताऱ्याला या. ७ नोव्हेंबर १९००. सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. शाळेच्या रजिस्टरात ते १९१४ क्रमांकावर आहे. त्याची आठवण म्हणून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस २०१७ सालापासून सरकारी रीतीने पाळला जातो. ठीक आहे, पाळावाच. पण त्या दिवशी भाषणं ठोकणाऱ्या किती जणांनी पोरांना हे सांगितलं की भिवाला शाळेत कोणते नियम होते?

ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात गुणवत्तेप्रमाणे बसायची पद्धत, पण याने कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा. तो घरून आणायचा आणि संध्याकाळी परत घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी पाहिजे आणि शिवाय नळ सोडायला शिपाई पाहिजे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

आता सांगा, हे नियम कुठल्या भिंतीवर लिहिलेले होते? कुठल्या सर्क्युलरात होते? कुठंच नाही. लिहिलेला नियम म्हणत होता की शाळा सर्वांना खुली. न लिहिलेला नियम म्हणत होता की ये, पण गोणपाट घेऊन ये. दोन्ही नियम एकाच छपराखाली सुखाने नांदत होते. याला मी गोणपाटाचा नियम म्हणतो. त्याची खूण अशी की तो कोणी केला हे कधीच सापडत नाही, तो मोडला तर शिक्षा मात्र लगेच मिळते, आणि तो पाळायचं सगळं ओझं ज्याच्या विरुद्ध तो आहे त्याच्याच पाठीवर असतं. गोणपाट रोज कोण वाहत होतं? नऊ वर्षांचं पोर.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातही हेच. ती सरकारी शाळा, शहरातली, नामांकित. तिथं बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं तेव्हा वर्गात गलका झाला. का? तर फळ्यामागं इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून पोरं धावली, डबे काढले, आणि मग भीमराव फळ्यापाशी गेले. संस्कृत शिकायचं होतं, पण ते शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. विषय निवडणं हीसुद्धा वागणूकच, नाही का? आपल्या पायरीनं विषय निवडावा! १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते हे सगळे नियम भोगून.

आपल्या मध्य प्रांतातही काही वेगळं नव्हतं. नागपूर-कामठीच्या रस्त्यावर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. महार बाई शिकवते म्हणून सवर्णांनी त्या शाळेवर बहिष्कार घातला आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. मग १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्याशाळा काढली. म्हणजे गोणपाटाचा नियम नुसता विद्यार्थ्याला नव्हता, शिक्षकालाही होता. जाईबाईंनी त्याला दिलेलं उत्तर साधं होतं. तुमच्या शाळेत आमचं वागणं चालत नाही ना, मग आम्ही आमची शाळा काढतो.

इथून या इतिहासाला वळण लागतं. आतापर्यंत सगळे नियम सांगत होते की मुलाने कसं वागावं. आपल्या चळवळीने उलटा प्रश्न टाकला की शाळेने कसं वागावं? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांची मुलं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याच साली मुंबई सरकारने ठरवलं की अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या खाजगी शाळेला अनुदान द्यायचं नाही. पहा, शिक्षा आता पोराला नाही, शाळेला! नंतर १९२८ साली सरकारने स्टार्ट कमिटी नेमली. तिच्या नावातच अस्पृश्यवर्ग आणि आदिवासी दोन्ही होते, आणि सभासदांत बाबासाहेबही होते, ठक्करबाप्पाही होते. १९३० सालच्या अहवालात कमिटीचा कल वेगळ्या शाळांपेक्षा सर्वांच्या एकत्र शाळांकडे होता. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली आणि १९५५ च्या कायद्याने शाळेत प्रवेश नाकारणं हा गुन्हा ठरला.

कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला नियमच नकोत. पोरं मोकाट सोडायची का? नाही. शिस्तीशिवाय आपण एक पाऊलही पुढं आलो नसतो. रात्र-रात्र अभ्यास करणारे बाबासाहेब आपल्याला बेशिस्त शिकवून गेले नाहीत. पण त्यांनी स्वतः संस्था काढली तेव्हा काय केलं ते पहा. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. पोरं उभी राहून बिलावर वाद घालत. हिंदू कोड बिलासारख्या देश पेटवणाऱ्या प्रश्नावर बाबासाहेब त्या पोरांच्या पार्लमेंटपुढे बोलले. ही शिस्तच आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दुसऱ्याचं ऐकणं, पुराव्याने बोलणं, मत पडलं की ते मानणं. फरक इतकाच की इथं पोराने नियम पाळायचा तो त्याच्या करण्यात त्याचा हात आहे म्हणून. नियम कोणता आहे यापेक्षा तो माणसाला उभा करतो की बसवतो, हे पाहायचं.

हे मोजमाप हातात घेऊन आता सूरजागडला चला.

सूरजागडचा डोंगर जुन्या अहेरी जमीनदारीच्या मुलखातला. १९८२ साली चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो गडचिरोलीत. भोवती सूरजागड इलाक्यातली माडिया गोंडांची गावं. डोंगरावर त्यांचा ठाकूरदेव, आणि दर जानेवारीत त्याची मोठी यात्रा. गावं लहान, पांगलेली, पावसाळ्यात नाल्यांनी तुटणारी. प्रत्येक गावात मोठी शाळा चालणं अवघड, म्हणून पाचवीच्या पुढं बहुतेकांच्या वाट्याला येते ती आश्रमशाळा किंवा वसतिगृह.

आश्रमशाळेची कल्पना जुनी आहे. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भील सेवा मंडळ काढलं तेव्हापासून ती रुजली. महाराष्ट्रात १९७० नंतर शासकीय आश्रमशाळा मोठ्या प्रमाणात निघाल्या. संस्थांना अनुदान देऊन चालवलेल्या वेगळ्या. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ सालची. या शाळांनी पोरं शिकवली हे खरंच. डॉक्टर झाले, वकील झाले, मास्तर झाले, पहिल्या पिढीला अक्षर मिळालं. ते नाकारणारा माणूस खोटारडा. पण साध्या शाळेचा नियम पाच-सहा तासांचा असतो, आश्रमशाळेचा चोवीस तासांचा. उठायची घंटा, आंघोळीची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, दिवा मालवायची. घरी जायचं तेही परवानगीने. जिथं पोर चोवीस तास नियमात आहे तिथं नियम कोणाचा, हा प्रश्न चौपट मोठा होतो. आणि एवढ्या नियमांत पोराच्या जिवाची हमी मात्र नव्हती. साप, ताप, पाणी यांनी पोरं इतकी मेली की मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. सुभाष साळुंके यांची समिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१६ साली आला. घंटा वेळेवर वाजवणारी व्यवस्था ताप आलेल्या पोराला वेळेवर दवाखान्यात नेत नसेल, तर ती शिस्त कशाची म्हणायची?

त्या भागातल्या एका शाळेच्या भिंतीवरचे नियम मी वाचले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एका शाळेचं नाही. एक नियम होता, 'शाळेत व वसतिगृहात मराठीतच बोलावे.' दुसरा, 'सभ्य वर्तन ठेवावे.' आठवीतल्या एका पोट्ट्याला मी विचारलं, 'सभ्य म्हणजे का रे?' तो जरा थांबला आणि म्हणाला, 'शर्टाची वरची गुंडी लावणे.' हसू नका. त्याला शाळेनं जे दाखवलं तेच त्यानं सांगितलं.

माडियात पाण्याला 'एर' म्हणतात. पहिलीतलं पोर 'एर' म्हणून पाणी मागतं आणि गुरुजी म्हणतात, 'पाणी म्हण, मग देतो.' गुरुजींना वाटतं आपण भाषा शिकवतो आहोत. पोराला काय कळतं? साताऱ्यात पाण्याला शिपाई लागत होता, इथं परका शब्द लागतो. माडिया-गोंडी ही द्राविडी कुळातली बोली. मराठी तिच्या शेजारची, पण तिची बहीण नाही. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे २९ लाखांवर निघाले, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडीचं नाव नाही. पण आठव्या अनुसूचीची वाट पाहायचीही गरज नाही. संविधानाचं ३५० क कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची सोय राज्याने करावी. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही, शक्य तिथवर मातृभाषा, असंच म्हणतो. लिहिलेला नियम पोराच्या बाजूचा, भिंतीवरचा विरुद्ध. आला का ध्यानात गोणपाटाचा नियम?

आता हजेरी घ्या. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे सारं घर जंगलात. मे महिन्यात तेंदूपत्ता. तोच घरात रोख पैसा आणतो. जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा. दहावीची परीक्षा कधी? मार्चमध्ये! पोर गैरहजर, पटावर लाल शाई, आणि शेरा, 'पालक शिक्षणाबाबत उदासीन'. गणपती-दिवाळीला शाळा बंद असते तेव्हा कोण उदासीन असतं हो?

आणि म्हणे या लोकांना शिस्त नाही. ज्याला हे वाटतं त्याने गोटूल समजून घ्यावं. व्हेरियर एल्विनने १९४७ साली शेजारच्या बस्तरातल्या मुरियांच्या गोटूलवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात गोटूलचे नियम आहेत. सरपण कोणी आणायचं, झाडलोट कोणी करायची, कामात चुकारपणा केला तर दंड काय. आणि ते पाळून घेणारे अधिकारी पोरापोरींतलेच. आपल्या बाजूला गोटूल म्हणजे गावाने बसून ठरवायची जागाही. मुरियांचं सगळं माडियांना लागू होत नाही हे खरं, पण एक गोष्ट पक्की. हे पोर नियम माहीत नसलेल्या जागेतून शाळेत येत नाही. जिथं बसून नियम ठरतात अशा जागेतून येतं. शाळेत आल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की नियम ठरवण्याशी आपला काही संबंध नसतो.

आता एका शब्दाचा हिशेब, कारण तो आपल्या दोघांना जोडतो. जोहार. आपल्या बापजाद्यांना गावात जोहार घालावा लागत होता. वाकून, लांबून, पाटलाला, देशमुखाला. तो शब्द आपल्यासाठी गुलामगिरीचा झाला, म्हणून आपण तो टाकला. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' रुजवला आणि आपण ताठ मानेने एकमेकांना तो घालू लागलो. आणि इकडं माडिया, गोंड, परधान एकमेकांना 'जोहार' म्हणतात तो बरोबरीच्या माणसाला घातलेला जोहार. त्यात वाकणं नाही. तोच शब्द, दोन इतिहास. आता शाळेत ते पोर 'जोहार गुरुजी' म्हणालं आणि आपलाच एखादा शिकलेला गुरुजी 'नमस्ते म्हण, हे जंगलीपण इथं नको' म्हणून डाफरला, तर काय झालं? ज्याच्या आज्याला जोहार घालायला लावला, त्याच्या नातवाने दुसऱ्याच्या नातवाचा जोहार काढून घेतला.

हे मला लिहावंच लागेल. १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष देताना जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं की मास्तर शेतकरी-कष्टकऱ्यांतला असावा, गरज पडली तर नांगराची मूठ धरणारा, लोकांत मिसळणारा. आपल्यातला मास्तर जेव्हा झाला तेव्हा जोतीरावांचं म्हणणं अर्धं पुरं झालं. उरलेलं अर्धं जन्माने पुरं होत नाही, ते वागण्याने पुरं करावं लागतं. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चांद्याला आले, धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर उभ्या राहिलेल्यांची नातवंडं आज याच जंगलात शाळांवर आहेत. त्यांच्यात माडिया शिकून घेणारे, आजारी पोराला रात्री मोटरसायकलवर दवाखान्यात नेणारे आहेत, मी पाहिले आहेत. आणि 'हे पोट्टे का शिकणार आहेत' म्हणून खुर्ची उन्हात टाकून बसणारेही आहेत. बदली कधी होते याचीच वाट पाहणारे. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आणि त्याच भिंतीखाली गोणपाटाचा नियम, हे आपण चालू देणार का?

कोणी विचारेल, एका शब्दाने, एका गुंडीने एवढं काय बिघडतं? सूरजागडच्या डोंगरावर बघा. २००७ साली ३४८.०९ हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा दिला गेला, आणि २०२१ पासून खाणीचं काम जोरात चालू झालं. ज्या रस्त्याने पोरं शाळेला जातात त्यावर ट्रकांच्या रांगा. खाण वाढवायची जनसुनावणी २०२२ साली झाली ती गडचिरोलीला, डोंगरापासून शंभरावर किलोमीटर दूर. अशा सुनावणीत उभं राहून बोलायचं कोणी? त्याच पोराने, जे आठ-दहा वर्षं घंटेवर उठलं, मराठीत बोलता येईना म्हणून गप्प बसलं, 'हो गुरुजी' एवढंच शिकलं. ज्याला शाळेने 'नाही' म्हणू दिलं नाही तो ग्रामसभेत, साहेबापुढं, 'नाही' कसा म्हणेल? आणि 'हो' म्हणायचं असेल तर स्वतःच्या अटी घालून कसा म्हणेल? शाळेतल्या वागणुकीचा नियम पुढं जमिनीचा नियम होतो, तो असा.

आता तरुण कार्यकर्त्यांनी करायचं काय? घोषणा पुष्कळ झाल्या. हातात काय आहे ते सांगतो.

शिक्षणहक्क कायद्याचं सतरावं कलम मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं. तो कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंतच पोचतो हे खरं, म्हणून नववी-दहावीच्या पोराला उघडं समजू नका. मुलांच्या क्रूर वागणुकीविरुद्धचं २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम आहे, आणि जातीवरून, जमातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा आहे. त्याच शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या बाया असाव्या लागतात. किती शाळांत ही समिती खरोखर बसते? किती ठिकाणी मुख्याध्यापक वहीवर अंगठे घेतो? ती वही मागा.

आणि एटापल्ली, भामरागड, धानोरा हा सारा अनुसूचित क्षेत्राचा मुलूख. इथं १९९६ चा पेसा कायदा आहे. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर ग्रामसभेचं आणि पंचायतीचं नियंत्रण असावं असं तो सांगतो. शाळा ही सामाजिक संस्था नाही तर काय आहे? मग शाळेचे नियम ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, माडियात वाचून दाखवा. कोणता ठेवायचा, कोणता पुसायचा, लोक ठरवतील. वेळेवर यावं हा नियम कोणीही पुसणार नाही, खात्री बाळगा. सुट्ट्यांच्या यादीत यात्रा घाला म्हणतील, मोहफुलाच्या दिवसांत सकाळची शाळा उशिरा भरवा म्हणतील. त्यात आभाळ कोसळतं का?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली एक पाऊल पुढं टाकलं. गोंडीतून शिकवणारी आपली शाळा काढली आणि तिच्या नावातच गोटूल ठेवलं. शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस काढली. मान्यता नसलेली शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढं रोज दहा हजार, असं कलम त्याच शिक्षणहक्क कायद्यात आहे. मातृभाषेचं कलमही त्याच कायद्यात. एक कलम कपाटात राहिलं, दुसरं टपालाने गावात पोचलं. कायदा वाचणाऱ्याने हे शिकून घ्यावं की कोणतं कलम कोणावर धावतं. मान्यतेच्या अटी असाव्यात, पोरांना पुढं दहावीला बसता आलं पाहिजे, हा मुद्दा मलाही पटतो. पण मग मान्यता द्या ना! जाईबाईंनी शंभर वर्षांमागं नागपुरात जे केलं तेच मोहगावच्या लोकांनी केलं. आपण कोणाच्या बाजूला उभं राहायचं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

तुमच्यातला जो कोणी उद्या शिक्षक म्हणून जंगलात जाईल त्याने पहिल्या महिन्यात निदान पन्नास माडिया शब्द शिकावेत, पोरांकडूनच शिकावेत. त्या महिन्यात वर्गातला विद्यार्थी तो असेल आणि चुकला की पोरं हसतील. हसू द्यावं. जो कार्यकर्ता होईल त्याने गावात जाताना नुसता झेंडा नेऊ नये, शिक्षणहक्काच्या आणि पेसाच्या कायद्याची मराठी प्रत न्यावी, आणि सोबत ती माडियात सांगणारा तिथलाच पोरगा किंवा पोरगी न्यावी. आणि कोणत्याही शाळेत गेलात, शहरातल्या, खेड्यातल्या, आपल्या संस्थेच्या सुद्धा, तर भिंतीवरचे नियम वाचून एवढं विचारा. हा नियम कोणी केला? तो मोडला तर शिक्षा कोणाला? आणि शाळेने मोडला तर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरून हलू नका.